गॅमा कॅमेरा : अदृश्य किरणांचा नकाशा

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ उघड्यावर आला. दिल्ली विद्यापीठातील वापरात नसलेले एक उपकरण लिलावातून भंगारात गेले होते. त्याची मोडतोड झाल्यानंतर अनेकांना किरणबाधा झाली आणि एकाचा मृत्यू झाला. गॅमा किरण दिसत नाहीत, त्यांना वास नसतो आणि ते त्वचेलाही जाणवत नाहीत. गायगर गणकासारखे साधे उपकरण किरणोत्सर्ग ‘किती’ आहे ते सांगते. तो ‘कुठून’ येतो हे मात्र उपकरण घेऊन फिरतच शोधावे लागते. या शोधात जाणारे प्रत्येक मिनीट शोधणाऱ्याच्या शरीरावर किरणांचा मारा वाढवते. हे ‘कुठून’ दुरूनच दाखवणारे उपकरण म्हणजे गॅमा कॅमेरा.

भिंगाविना चित्र

फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल व्हिलार यांनी १९०० मध्ये गॅमा किरणांचा शोध लावला. प्रकाशकिरण भिंगाने वळवून एकत्र आणता येतात. गॅमा किरण मात्र काचेतून जवळजवळ सरळ आरपार जातात. त्यामुळे नेहमीच्या कॅमेऱ्याचे तत्त्व येथे उपयोगी पडत नाही.

यावर व्यवहार्य तोडगा काढला तो अमेरिकेतील बर्कले येथील हॅल अँगर यांनी, १९५७ च्या सुमारास. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर गॅमा किरण आदळला की प्रकाशाचा सूक्ष्म ठिपका चमकतो. स्फटिकामागील नळ्या हा प्रकाश टिपतात आणि कोणत्या नळीला किती प्रकाश मिळाला यावरून ठिपक्याची जागा ठरते. अँगर यांच्या पहिल्या कॅमेऱ्यात अशा सात नळ्या होत्या.

किरणांची दिशा कळावी म्हणून स्फटिकापुढे बारीक समांतर छिद्रांची शिशाची जाळी बसवतात. तिला कॉलिमेटर म्हणतात. तिरपे येणारे किरण शिसे शोषून घेते. या नेमकेपणाची किंमत मोठी असते. दहा हजार किरणांपैकी साधारण एक-दोनच स्फटिकापर्यंत पोहोचतात.

रुग्णालयातील उपयोग

या कॅमेऱ्याचा सर्वाधिक वापर वैद्यकशास्त्रात होतो. रुग्णाला टेक्निशियम-९९एम असलेले औषध टोचले जाते. या मूलद्रव्याची किरणोत्सर्गी शक्ती दर सहा तासांनी निम्मी होते. औषध ज्या अवयवात साठते, तेथून निघणारे किरण कॅमेरा टिपतो. क्ष-किरण चित्र अवयवाची रचना दाखवते, तर गॅमा चित्र त्याचे कार्य. त्यामुळेच हाडांत पसरलेला कर्करोग अनेकदा क्ष-किरण चित्रात दिसण्यापूर्वीच येथे आढळतो. कॅमेरा रुग्णाभोवती फिरवून त्रिमितीय चित्रही मिळवता येते. या पद्धतीला ‘स्पेक्ट’ म्हणतात.

जाळीला पर्याय

रुग्णालयाबाहेर शिशाची जड जाळी अडचणीची ठरते. म्हणून काही कॅमेऱ्यांत विशिष्ट नक्षीत छिद्रे पाडलेला पडदा वापरतात. त्याच्या सावलीवरून संगणक उगमाची जागा काढतो. भारताच्या २०१५ मध्ये सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावरील एका दुर्बिणीत उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांसाठी हेच तत्त्व वापरले आहे.

दुसरा प्रकार कॉम्प्टन कॅमेऱ्याचा. त्यात किरण पहिल्या शोधकावर आदळून दिशा बदलतो आणि दुसऱ्यात शोषला जातो. दोन्ही ठिकाणच्या नोंदींवरून त्याच्या संभाव्य दिशांचा एक शंकू मिळतो. असे अनेक शंकू जेथे एकमेकांना छेदतात, तेथे उगम असतो. जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्रात २०११ मध्ये झालेल्या दुर्घटनेनंतर असे कॅमेरे यंत्रमानव आणि ड्रोनवर बसवून सीझियमने दूषित झालेल्या जागांचे नकाशे तयार करण्यात आले.

मर्यादा

हे चित्र म्हणजे अंतिम निर्वाळा नव्हे. जाड भिंतीमागील प्रखर उगम फिकट दिसू शकतो आणि एका प्रखर उगमाच्या झगमगाटात शेजारचा क्षीण उगम झाकला जातो. चित्रावरून जागा कळते. तेथे माणसाने किती वेळ थांबावे हे ठरवण्यासाठी मात्रामापकाचा आकडाच लागतो.