नेब्बिओलो आणि सबुरीचा इतिहास

इटलीच्या वायव्येकडील पिएमोंते प्रांतात, आल्बा या शहराभोवती, लांगे नावाचा टेकड्यांचा प्रदेश आहे. तेथील नेब्बिओलो या काळ्या द्राक्षापासून बारोलो आणि बार्बारेस्को या दोन वाइन तयार होतात व त्या आपापल्या गावांच्या नावांनी जगभर ओळखल्या जातात. इटालियन भाषेत ‘नेब्बिया’ म्हणजे धुके. काढणीच्या दिवसांत, ऑक्टोबरात, दऱ्यांमध्ये साचणाऱ्या धुक्यावरून द्राक्षाला हे नाव मिळाले असे काही अभ्यासक मानतात, तर पिकल्या मण्यांवर धरणारी पांढुरकी झाक धुक्यासारखी दिसते म्हणून ते रूढ झाले, असे इतर म्हणतात. या वेलीचे डोळे लवकर फुटतात आणि फळ मात्र फार उशिरा पिकते; त्यामुळे वसंतातील हिमकण आणि शरदातील पाऊस या दोन्ही संकटांतून तिला जावे लागते आणि म्हणूनच दक्षिणेकडे उतरणारे उबदार उतार तिच्यासाठी राखले जातात. नेब्बिओलोचा इतिहास हा अशा रीतीने थांबण्याचा, आणि थांबणे कोणाला परवडते याचाही इतिहास आहे.

तुरीनजवळील रिव्होली येथील तेराव्या शतकाच्या नोंदींत या द्राक्षाचे नाव ‘निबिओल’ असे येते आणि चौदाव्या शतकाच्या आरंभी बोलोन्याच्या पिएत्रो दे क्रेशेंझी याने आपल्या कृषिग्रंथात त्याची प्रशंसा केली. ला मोर्रा या गावाच्या 1431 च्या नियमावलीत नेब्बिओलोची वेल तोडणाऱ्यास शिक्षा सांगितलेली आहे, यावरून गावाच्या लेखी तिचे मोल काय होते ते कळते. मात्र त्या काळची वाइन आजच्यासारखी नव्हती. काढणी उशिरा होत असल्याने किण्वन, म्हणजे रसातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होण्याची क्रिया, हिवाळ्याच्या थंडीत अर्धवट थांबे आणि पेयात गोडी व थोडे बुडबुडे राहत. 1787 मध्ये तुरीनला आलेल्या थॉमस जेफरसन यांनी या वाइनमध्ये गोडवा, तुरटपणा आणि फसफस एकत्र असल्याचे नोंदवले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बारोलोच्या मार्केझा, म्हणजे सरदारीण, जुलिया फाल्लेत्ती आणि ग्रिंझाने गावचे महापौर असलेले, पुढे इटलीच्या एकीकरणाचे शिल्पकार ठरलेले कामिल्लो कावूर यांच्या मळ्यांत हे चित्र पालटले. स्वच्छ तळघरे आणि पूर्णत्वाला नेलेले किण्वन यांमुळे गोडी नसलेली, वर्षानुवर्षे टिकणारी वाइन तयार होऊ लागली. या बदलाचे श्रेय दीर्घकाळ लुई उदार या फ्रेंच व्यापाऱ्याला दिले गेले; अलीकडच्या संशोधकांनी मात्र कावूर यांच्या मळ्यावर काम केलेल्या पाओलो फ्रांचेस्को स्तालिएनो यांचा वाटा पुढे आणला आहे.

सरदार घराण्यांकडे तळघरे होती, पिंपे होती आणि पैशाची घाई नव्हती. छोट्या शेतकऱ्याजवळ यांतले काहीच नव्हते. तोडलेली द्राक्षे टिकत नाहीत, म्हणून आल्बाच्या बाजारात संध्याकाळ होईपर्यंत व्यापारी देईल तो भाव त्याला पत्करावा लागे. या प्रदेशातील दारिद्र्य बेप्पे फेनोल्यो यांच्या ‘ला मालोरा’ या 1954 च्या कादंबरीत उमटले आहे. आल्बाच्या द्राक्ष व वाइन विद्यालयाचे संचालक दोमित्सियो कावाझ्झा यांनी 1894 मध्ये बार्बारेस्कोच्या नऊ उत्पादकांना सहकारी तळघरात एकत्र आणले. फॅसिस्ट राजवटीच्या काळात ते बंद पडले; 1958 मध्ये गावच्या धर्मगुरूंनी एकोणीस शेतकऱ्यांना घेऊन ही परंपरा पुन्हा उभी केली आणि सुरुवातीच्या हंगामांची वाइन चर्चच्या तळघरातच तयार झाली.

पुढे प्रतीक्षेला कायद्याचे बळ मिळाले. 1980 मध्ये दोन्ही वाइनना इटलीतील सर्वोच्च, म्हणजे उगमस्थान व उत्पादनपद्धती यांची हमी देणारा, दर्जा लाभला; आज बारोलो किमान 38 महिने आणि बार्बारेस्को किमान 26 महिने मुरल्याशिवाय बाजारात येऊ शकत नाही.

या वाइनचा आस्वाद घेतानाही हीच सबुरी पाळावी लागते. तिचा रंग अनपेक्षितपणे फिका असतो आणि वयाबरोबर तो विटकरी छटेकडे झुकतो. गंधात गुलाब आणि डांबर यांची जोडी प्रसिद्ध आहे. साल व बी यांतून उतरणारी टॅनिन नावाची तुरट द्रव्ये लाळेतील प्रथिनांना बांधतात, त्यामुळे कोवळी वाइन तोंड कोरडे करते, पण कालांतराने किंवा मांसाच्या जोडीने हा तुरटपणा मऊ होतो. म्हणूनच पिएमोंतेत ती वाइनमध्येच मंद आचेवर शिजवलेल्या गोमांसाबरोबर घेतली जाते. नव्याने ओळख करून घेणाऱ्याने ‘लांगे नेब्बिओलो’ या लवकर पिण्याजोग्या, तुलनेने स्वस्त वाइनपासून आरंभ करावा आणि मग बारोलोकडे वळावे. ला मोर्राकडील मातीतली बारोलो सामान्यतः लवकर खुलते, तर सेर्रालुंगा या गावाकडील अधिक काळ कठोर राहते.

ज्यांना एक संध्याकाळही भावासाठी थांबणे परवडत नव्हते, त्यांच्या वंशजांची द्राक्षे आज बार्बारेस्कोच्या सामायिक तळघरात वर्षानुवर्षे मुरतात. नेब्बिओलोची मुळातली चव वेलीने दिली. ती चव पुरती उमलेपर्यंत थांबण्याचे सामर्थ्य मात्र या शेतकऱ्यांनी एकमेकांच्या आधाराने मिळवले.