यमूचे घर आणि सुलतानगडचा किल्लेदार : हरिभाऊंच्या दोन कादंबऱ्यांमधले वय

हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्यांची विभागणी आपल्या समीक्षेने इतक्या लवकर करून टाकली, की पुढच्या पिढ्यांना ती हरिभाऊंनीच केली असावी असे वाटत राहिले. एकीकडे सामाजिक कादंबऱ्या : 'पण लक्षांत कोण घेतो?', 'मी'. या वास्तववादी, म्हणून अभ्यासाच्या. दुसरीकडे ऐतिहासिक कादंबऱ्या : 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला', 'वज्राघात'. या रम्य, अद्भुत, आणि म्हणून मुलांच्या. चौदा-पंधराव्या वर्षी 'उषःकाल' वाचून संपवायचे आणि विशीनंतर यमूकडे गंभीरपणे वळायचे, हा मराठी वाचकाचा जणू ठरलेला आश्रमधर्म. या वाटणीत एक महत्त्वाची गोष्ट दृष्टिआड झाली, असे आम्हांस वाटते. दोन्ही दालनांत हरिभाऊ एकाच वयाविषयी लिहीत होते.

त्या वयाला तेव्हा मराठीत वेगळे साहित्य नव्हते. 'किशोर' हे मासिक पाठ्यपुस्तक मंडळाने काढले ते १९७१ साली. १८९० च्या पुण्यात बाल्य संपले की मुलगी सासरी जाई आणि मुलगा इंग्रजी शाळेत. मधल्या काळाला नाव देण्याची गरज कोणाला पडली नव्हती. हरिभाऊंनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले ते घरातल्या सर्वांनी वाचावे म्हणून. एकाच अंकावर सासरी आलेली बारा वर्षांची सून, न्यू इंग्लिश स्कूलमध्ये जाणारा तिचा दीर आणि निवृत्त सासरे अशा तिघांची नजर पडू शकेल, अशी ती योजना होती. ऐतिहासिक आणि सामाजिक या दोन्ही प्रकारच्या गोष्टी याच पानांवर हप्त्याहप्त्याने आल्या. वाचक एकच होते, फक्त कपाटे नंतर वेगळी झाली.

'पण लक्षांत कोण घेतो?' सुरू झाली ती वेळही विसरता येत नाही. रखमाबाईंचा खटला १८८४ ते १८८८ या काळात गाजून गेला होता. संमतिवयाचा कायदा मार्च १८९१ मध्ये होऊन वयोमर्यादा दहावरून बारावर गेली. पुण्यात या दोन वर्षांसाठी जे रण माजले त्याची वर्णने आजही वाचवत नाहीत. त्या गदारोळात सगळे मुलीविषयी बोलत होते. हरिभाऊंनी मुलीलाच बोलू दिले. यमू आपली हकिकत लहानपणापासून स्वतः सांगते : माहेरचा धाक, मैत्रीण दुर्गीचे हाल, नवऱ्याबरोबरचे मुंबईतले थोडे मोकळे दिवस, लिहायला-वाचायला शिकणे, आणि मग वैधव्य, पुण्याचे घर, शंकरमामंजींच्या पुढाकाराने जबरदस्तीने झालेले केशवपन. तिच्याजवळ बुद्धी आहे, भाषा आहे, पाठीशी एक भाऊही आहे. घराबाहेर पडण्याचा रस्ता मात्र नाही.

आता 'उषःकाल' घेऊ. ती 'करमणुकी'त आली १८९५ ते १८९७ या वर्षांत. सुलतानगडचे किल्लेदार रंगराव आप्पा आदिलशाहीचे निष्ठावंत सेवक. त्यांचा मुलगा नानासाहेब शिवाजीकडे ओढला जाणारा. शिवाजी महाराजांचे उदयपर्व हा कादंबरीचा पट असला, तरी तिचा कणा आहे तो या बापलेकांच्या बेबनावाचा. रंगराव आप्पा दुष्ट नाहीत. खाल्ल्या मिठाला जागणारे आहेत, आणि हरिभाऊ त्या जागण्याची थट्टा करीत नाहीत. नेमक्या याच कारणाने मुलाचे घर सोडणे जड होते. सरकारी नोकरीतला, इमानी, पेन्शनकडे डोळे लावून बसलेला बाप आणि सभांना जाणारा मुलगा ही जोडी सदाशिव-नारायण पेठांत तेव्हा किती घरांत असेल! रायगडावरच्या समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ १८९५ सालचीच. १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला. १८९७ मध्ये प्लेग, रँडचा वध आणि टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला. स्वतः हरिभाऊ राजकारणात मवाळ वळणाचे. तरी त्यांच्या साप्ताहिकात दर आठवड्याला एक मुलगा बापाच्या धन्याशी निष्ठा मोडायला शिकत होता. 'कादंबरी मुलांची' म्हणून तिला बाजूला ठेवणाऱ्यांनी ती कोणत्या वर्षांतल्या मुलांच्या हाती होती, एवढे तरी पाहावे.

यमू आणि नानासाहेब एकाच घराच्या दोन खोल्यांतले आहेत, असे आम्ही म्हणू. दोघांपुढेही प्रश्न एकच : वडीलधाऱ्यांचा अधिकार कोठवर मानायचा? नानासाहेबाला उत्तर म्हणून सह्याद्री मिळतो. यमूला माजघर ओलांडता येत नाही. इतिहासाने हरिभाऊंना असे एक मैदान दिले, जेथे बंड करणारा मुलगा कृतघ्न न ठरता देशभक्त ठरे. वर्तमानकाळात हे त्यांना लिहिता आले नसते. 'मी'मधल्या भावानंदाला लोकसेवेसाठी संन्यस्त व्हावे लागते, ते उगीच नव्हे.

इतिहास म्हणून या कादंबऱ्यांकडे पाहिले तर साधने अपुरी होती, हे मान्यच. राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ चा, रानड्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरचा ग्रंथ १९०० चा. हरिभाऊंच्या हाताशी ग्रँट डफ, 'काव्येतिहाससंग्रहा'तून छापल्या गेलेल्या बखरी आणि शाळिग्राम-ॲक्वर्थ यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेले पोवाडे. गुंजीकरांचे 'मोचनगड' (१८७१) सोडले तर मराठीत समोर नमुना नव्हता. पहिल्याच प्रयत्नात, 'म्हैसूरच्या वाघा'त, त्यांना मेडोज टेलरचा आधार घ्यावा लागला. सिंहगडाचे उदाहरण बोलके आहे. तानाजी पडला म्हणून कोंढाण्याचे नाव सिंहगड झाले, ही समजूत 'गड आला पण सिंह गेला'ने घरोघर नेली, आणि १९३३ मध्ये 'प्रभात'च्या बोलपटाने ती पक्की केली. पण शिवाजी महाराजांच्या १६६३ सालच्या पत्रात, म्हणजे तानाजीच्या मृत्यूच्या सात वर्षे आधी, 'सिंहगड' हे नाव आलेले आहे. कादंबरीने पत्रावर मात केली, ती आजतागायत.

ही चूक आम्हांला फारशी सलत नाही. सलते ती दुसरीच गोष्ट. याच कादंबरीत कमलकुमारी ही रजपूत विधवा सती जायला निघालेली असताना उदयभानू तिला पळवून आणतो, आणि तिची सुटका हे कथेचे एक प्रमुख सूत्र होते. ज्याने दहा-बारा वर्षांपूर्वी यमूच्या डोक्यावरून फिरणारा वस्तरा वाचकाच्या हाताला लागेल असा लिहिला, काशीबाई कानिटकरांसारख्या लेखिकेशी ज्याचा स्नेह आणि साहित्याविषयी संवाद होता, त्याच लेखकाच्या लेखणीतून विधवेच्या चितेवर जाण्याच्या इच्छेला शीलाचे तेज चढते. ऐतिहासिक कादंबरीचे संकेत येथे सुधारकावर स्वार झाले आहेत. मुलाला मोकळे करणारा इतिहास मुलीला मात्र यमूच्याही मागे नेऊन उभी करतो. वाचणारा मुलगा चौदा वर्षांचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे हा केवळ कथानकाचा प्रश्न उरत नाही. त्याच घरातल्या त्याच्या वहिनीविषयी तो काय शिकला असेल?

पुढची परंपरा मुलांच्या बाजूनेच वाढली. शिकारीच्या वेळी सिंहगडाच्या कड्यावरून पडून अपंग झालेले नाथमाधव अंथरुणावरून स्वराज्यमालेच्या कादंबऱ्या लिहीत राहिले. गड न चढू शकणाऱ्या माणसाने मुलांना गड दाखवावेत, यातले कारुण्य त्यांच्या वाचकांना क्वचितच ठाऊक असे. गो. नी. दांडेकर तेराव्या वर्षी स्वतःच घर सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत गेलेले. त्यांच्या शिवकालीन कादंबऱ्यांत घर सुटण्याची कळ आहे, पण रंगराव आप्पांसारखा तोलाचा बाप नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे तर पुण्यात शिकायला येतो तोच घरच्या धाकापासून मोकळा होऊन. त्याच्या सायकलीला कोणी अडवत नाही.

अप्पा बळवंत चौकाजवळ हरिभाऊंचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ मध्ये स्थापिलेली आनंदाश्रम ही संस्था आहे. तिचा कारभार हरिभाऊंनी पुष्कळ वर्षे पाहिला. भोवती पाठ्यपुस्तकांच्या दुकानांची गर्दी असते. तेथे 'उषःकाल' आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' एकाच पिशवीत घालून घ्याव्यात, आणि शिकवणाऱ्यांनी त्या एकाच सत्रात, 'करमणुकी'तल्या क्रमाने, आधी यमू आणि मग नानासाहेब, अशा वर्गापुढे ठेवून पाहाव्यात.