सोलापूरचा उडता धोटा

गिरणी आली आणि हातमाग मेला, ही सरधोपट गोष्ट सोलापूरला लागू पडत नाही. १८६० मध्ये इथे रेल्वे पोचली, १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी गिरणी सुरू झाली. आणि नेमक्या त्यानंतरच्या दशकांत तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराचा पूर्व भाग मागांनी भरून टाकला. नवी पेठेत चादर घेता घेता गिरण्यांच्या भोंग्याची आठवण काढणारे पुष्कळ भेटतात, पण भोंग्याच्या शेजारी माग टिकले कसे, हे क्वचितच विचारले जाते. गिरणीचे सूत हाताशी होते, हे एक कारण. माझ्या मते त्याहून मोठे कारण म्हणजे धोट्याची, म्हणजे बाण्याचे सूत ताण्यातून नेणाऱ्या साधनाची, बदललेली चाल. पूर्वी विणकर एका हाताने धोटा फेकी आणि दुसऱ्याने झेली, त्यामुळे कापडाचा पन्हा हातांच्या पोचेपुरताच राही. लँकेशायरच्या जॉन केने १७३३ मध्ये पेटंट घेतलेल्या युक्तीत दोरीला हिसका दिला की धोटा आपसूक पलीकडे धावतो; हाच उडता धोटा. रुंद कापड एकटा माणूस विणू लागला आणि उत्पादन साधारण दुप्पट झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल वेगवान मागाचे प्रयोग करत होते. पण असे नवे महागडे माग घेणे गरीब विणकराला कुठून परवडणार? त्याने जुन्या खड्ड्याच्या मागालाच उडत्या धोट्याची सोय जोडून घेतली.

यावर दोन आक्षेप येतील. वेगळ्या रंगाच्या भरीव काठांना हातानेच फेकायचे तीन धोटे लागत, तिथे हा वेग निरुपयोगी होता. ते खरे आहे. म्हणूनच हा धोटा सगळीकडे एकदम पसरला नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: कापड दुप्पट झाले, मजुरी दुप्पट झाली का? नाही झाली. कापड वाढले तसा दर पडला, आणि सूत ज्याच्या भांडवलाचे, नफाही त्याच्याच घरी गेला. कांड्या भरणाऱ्या बायकांचे काम मात्र वाढले, कारण धोटा पळू लागला की बाण्याचे सूतही तितक्याच झपाट्याने संपते. (या कामाची वेगळी मजुरी बहुधा कुणी धरतच नसे.) तरीही ही चाल नसती तर गिरणीपुढे तग धरायला या विणकरांकडे फारसे काही उरले नसते. त्यांचा धंदा या धोट्याने वाचवला. गरिबी मात्र हटवली नाही.