साखळी करवत आणि अंगरक्षक पोशाख : वनातील सक्तीकडून घरातील ऐच्छिकतेकडे

प्रस्तावना

साधनांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा साधनाच्या वाढत्या सामर्थ्याकडे असते. त्या साधनापासून माणसाने आपले अंग कसे राखले, हा प्रश्न त्यामानाने उपेक्षित राहतो. लाकूड कापण्याच्या यांत्रिक साखळी करवतीच्या, म्हणजेच आपल्याकडे सर्रास 'चेनसॉ' म्हटल्या जाणाऱ्या यंत्राच्या बाबतीत तो प्रश्न टाळता येत नाही. गिरणीच्या पट्ट्याला जाळी बसवता येते, गोल करवतीवर झाकण घालता येते. परंतु या करवतीची फिरती साखळी झाकली तर ती कापणारच नाही. त्यामुळे संरक्षणाचा मोठा भाग यंत्रावर न चढवता माणसाच्या अंगावर चढवावा लागला. शिरस्त्राण, जाळीदार मुखपट, कर्णरक्षक, हातमोजे, पोलादी टोकाचे बूट आणि विशेष धाग्यांची विजार असा हा पोशाख आहे.

हा पोशाख वनकामगाराच्या अंगावर शासन, कामगार संघटना आणि कायदा यांच्या दडपणाने चढला. तेच यंत्र घरच्या परसात वापरणाऱ्या गृहस्थामागे मात्र असे कोणतेही दडपण नव्हते, आणि म्हणून त्याचे अंग उघडे राहिले. या विषमतेचा इतिहास मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोघांची करवत, एकट्याची करवत

साखळीला दात लावून कापण्याची कल्पना लाकडाआधी हाडासाठी वापरली गेली, ही बाब लक्षणीय आहे. जर्मन अस्थितज्ज्ञ बर्नहार्ड हाइने याने १८३० च्या सुमारास हाताने फिरवावयाची अशी शस्त्रक्रियेची करवत तयार केली होती. पुढे जे यंत्र गुडघ्याची वाटी क्षणात फोडू शकते म्हणून कुप्रसिद्ध झाले, त्याच्या पूर्वजाचे कामच अस्थिच्छेदनाचे होते.

वनासाठीचे यंत्र जर्मनीत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आले. आंद्रेआस श्टील याने १९२६ मध्ये स्टुटगार्ट येथे विजेवर चालणारी करवत तयार केली. एमिल लेर्प याने १९२७ मध्ये थुरिंगियातील डोल्मार डोंगरावर पेट्रोलवरील करवतीची चाचणी घेतली. लेर्पच्या यंत्राचे वजन ५८ किलोग्रॅम होते. ते उचलावयास दोन माणसे लागत. एक इंजिनाकडे आणि दुसरा पात्याच्या टोकाकडे. ही व्यवस्था गैरसोयीची होती खरी, पण तिच्यात एक संरक्षण अनायासे होते. पात्याचे टोक दुसऱ्याच्या मुठीत असल्यामुळे ते उसळून चालकाच्या तोंडावर येण्यास वावच नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे चित्र पालटले. श्टीलची एका माणसाने चालवावयाची पेट्रोल करवत १९५० मध्ये बाजारात आली. तिचे वजन १६ किलोग्रॅम होते. त्याआधी अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातील लाकूडतोड्या जोसेफ कॉक्स याने १९४६ मध्ये लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी निरखली, तिच्या जबड्यावरून साखळीच्या दाताचा नवा आकार योजला, आणि पुढल्याच वर्षी तशी साखळी बाजारात आणली. आजच्या बहुतेक साखळ्यांचे दात त्याच वळणाचे आहेत. यंत्र हलके झाले, साखळी वेगवान झाली आणि टोक मोकळे झाले. पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला लागताच पाते वर आणि मागे उसळते. या उलट्या झटक्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने या एकट्याच्या करवतीबरोबर जन्मला. सुधारणेने नवा धोका निर्माण करावा याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

पांढऱ्या बोटांचा धडा

तथापि राज्यसंस्थेला जाग आली ती जखमांनी नव्हे, तर बोटांनी. १९६० च्या दशकात जपानच्या सरकारी वनांतील कामगारांची बोटे थंडीत मेणासारखी पांढरी पडू लागली. यंत्राच्या कंपनामुळे रक्तवाहिन्या आकुंचित होण्याचा हा विकार ब्रिटन व फिनलंडमध्येही आढळला. जखम हा एकट्याचा अपघात मानून सोडून देता येतो. शेकडो माणसांची बोटे एकाच वेळी पांढरी पडतात तेव्हा ते निष्काळजीपणाचे फळ आहे असे म्हणता येत नाही. संघटनांनी हा मुद्दा लावून धरला. कंपनरोधक मुठी आल्या, कामाच्या तासांवर मर्यादा आल्या. फिनलंडमधील सुओमुस्साल्मी परिसरातील वनकामगारांच्या १९७२ ते १९९० या दीर्घ पाहणीत या विकाराचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरल्याचे दिसून आले. ब्रिटनने १९८५ मध्ये त्याला भरपाईस पात्र व्यावसायिक रोगांच्या यादीत स्थान दिले.

साखळी थांबवणारा हस्तरोधकही याच काळातला. १९७० च्या दशकाच्या आरंभी श्टील आणि स्वीडनची हुस्कवार्ना या दोन्ही कंपन्यांनी तो आपल्या करवतींवर बसवला.

शरण जाऊन वाचवणारे कापड

या सर्व पोशाखात पायांवरील आवरणाचा इतिहास सर्वांत बोधप्रद आहे. करवत उजव्या हाताने मागची आणि डाव्या हाताने पुढची मूठ धरून चालवतात. काप पूर्ण होताच पाते खाली सुटते आणि वाटेत बहुधा डावी मांडी किंवा डावा गुडघा येतो. अमेरिकी वनसेवेने १९६० च्या दशकाच्या मध्यापासून आपल्या लाकूडतोड्यांना जाड नायलॉनच्या थरांची पायकवचे देण्यास प्रारंभ केला. रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक हिने १९६५ मध्ये ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत ज्या तंतूचा शोध लावला, तो केव्हलार पुढे १९८० च्या दशकात या कवचांत आला.

हे कापड चिलखताप्रमाणे घाव अडवते, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. पूर्ण वेगातील साखळीला अडवील असे अंगावर वागवण्याजोगे कापड नाही. या विजारीचा बाहेरचा थर तत्काळ फाटतो. आतील लांब, सैल मांडलेले तंतू दातांत अडकून ओढले जातात, साखळीला फिरवणाऱ्या दंतचक्रापर्यंत पोहोचतात आणि त्याभोवती गुंडाळून ते जाम करतात. इंजिन गुदमरते, साखळी थांबते. म्हणजेच हे कापड प्रतिकार करून नव्हे, तर स्वतः उसवून वाचवते.

या तत्त्वाचे काही परिणाम वरकरणी क्षुल्लक वाटतात, पण गृहस्थासाठी ते निर्णायक आहेत. एकदा कापली गेलेली विजार टाकून द्यावी लागते. फाटलेली जागा शिवली तर टाक्यांनी आतील तंतू जखडले जातात. ते ओढलेच जात नाहीत आणि साखळी सरळ मांसात उतरते. क्लोरीनयुक्त विरंजकाने केव्हलार दुर्बल होतो. आता फाटलेले वस्त्र शिवून वापरणे आणि मळलेले स्वच्छ धुणे हे तर कोणत्याही नीटनेटक्या घराचे संस्कार! वनखात्याच्या भांडारात नियमाने बाद होणारी वस्तू घरात ममतेने दुरुस्त केली जाते आणि त्याच क्षणी निरुपयोगी होते.

युरोपने १९८९ च्या निर्देशाने संरक्षक साधनांच्या निर्मितीला एक चौकट दिली आणि १९९३ पासून साखळी करवतीच्या पोशाखासाठी स्वतंत्र मानकमाला निघू लागली. तीत साखळीच्या वेगानुसार वर्ग ठरले : सेकंदाला १६, २०, २४ आणि २८ मीटर. यांतील २० मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर होत. पायांच्या आवरणाचे तीन प्रकार करण्यात आले. पहिले दोन मुख्यतः पुढची बाजू झाकतात आणि ते सराईत कामगारासाठी आहेत. तिसरा प्रकार पाय सर्व बाजूंनी वेढतो. जो एरवी ही करवत हाती घेत नाही अशा व्यक्तीसाठी तो प्रामुख्याने योजलेला आहे. मानक तयार करणाऱ्यांना येथे एक गोष्ट स्पष्ट दिसली होती. सराईत माणसाची चूक कोठून येईल हे सांगता येते, नवख्याची कोठूनही येऊ शकते. सर्वाधिक आच्छादनाची गरज ज्याला आहे असे तज्ज्ञांनी लिहून ठेवले, त्याच माणसावर ते घालण्याची सक्ती मात्र कोणी केली नाही.

उंबरठ्यापाशी थांबलेला कायदा

घरगुती वापर वाढण्यामागे आर्थिक कारण होते. १९७३ च्या तेलसंकटात खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाले. उत्तर अमेरिकेत घरे तापवण्यासाठी लोक पुन्हा लाकडी शेगड्यांकडे वळले आणि सरपणासाठी हलक्या, स्वस्त करवती घरोघरी गेल्या. अपघातही त्यांच्यामागोमाग घरात आले. अमेरिकेच्या ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाने सक्तीच्या नियमांचा विचार केला, परंतु १९८५ मध्ये उद्योगाचे ऐच्छिक मानक स्वीकारले जाऊन तो मार्ग सोडून देण्यात आला. त्या मानकाचा भर उलट्या झटक्यावर, म्हणजे यंत्रावर होता. अंगावर काय असावे हा प्रश्न माहितीपुस्तिकेच्या पानावर राहिला.

याउलट १९९४ मध्ये त्याच देशाच्या श्रम खात्याने वृक्षतोडीच्या व्यवसायासाठी जो नियम केला, त्यात साखळी करवत चालवणाऱ्या कामगाराला पायांचे संरक्षक आवरण मालकाने विनाशुल्क पुरवावे असे स्पष्ट बंधन होते. ब्रिटनमध्ये १९९२ च्या विनियमांनी साधारण तीच जबाबदारी मालकावर टाकली. हे सर्व कायदे मालक आणि कामगार या नात्यावर उभे आहेत. स्वतःच्या परसात स्वतःचे झाड तोडणारा गृहस्थ स्वतःच मालक आणि स्वतःच कामगार असतो. तेथे हे नाते नाही, म्हणून कायदाही नाही. घरात निरीक्षक पाठवणे कोणत्याही लोकशाही शासनाला शोभणार नाही हे मान्यच. तथापि यंत्र विकताना पायकवच सोबत देण्याची सक्ती करण्यास कोणाची आडकाठी होती, असा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला पडल्यावाचून राहत नाही. यंत्राची किंमत वाढली असती, एवढेच त्याचे उत्तर असावे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या सोडून दिलेल्या जागेचे मोल आकड्यांत दिसते. अमेरिकेतील ग्राहकवस्तूंशी संबंधित दुखापतींच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात २००९ ते २०१३ या पाच वर्षांत साखळी करवतीमुळे रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या रुग्णांची संख्या १,१५,८९५ इतकी अंदाजिण्यात आली. जखमी बहुतांशी पुरुष होते आणि दुखापती मुख्यतः हात-बोटे व गुडघा या भागांत होत्या.

वादळानंतरचे दिवस हे घरगुती वापराचे सर्वांत धोक्याचे पर्व होय. ८ व ९ जानेवारी २००५ च्या 'गुद्रुन' वादळाने दक्षिण स्वीडनमध्ये सुमारे ७५ दशलक्ष घनमीटर लाकूड आडवे केले. तेथील वने बहुतांशी छोट्या कुटुंबांच्या मालकीची आहेत. पडलेल्या झाडांची खोडे एकमेकांत अडकून धनुष्यासारखी ताणलेली असतात. काप बसताच ती सुटतात. ही साफसफाई करताना अनेकांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर त्या देशात करवतीच्या प्रशिक्षणाला आणि प्रमाणपत्राला जोर आला.

बॅटरी आणि कोकणातील परस

अलीकडच्या दीड दशकात बॅटरीवरील करवतींनी घरगुती बाजारपेठ बदलून टाकली. त्या हलक्या आहेत, धूर करीत नाहीत, कानठळ्या बसवीत नाहीत, आणि म्हणून निरुपद्रवी भासतात. परंतु पायकवचाचे तत्त्व पेट्रोल इंजिन गुदमरण्यावर आधारलेले आहे. विद्युत मोटार कमी वेगातही पूर्ण जोराने फिरते. तंतू गुंडाळले गेले तरी ती थांबेलच याची खात्री नसते. उत्पादकांच्या सूचनांतही हा इशारा आढळतो.

आपल्या संदर्भात हा विषय परका राहिलेला नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळले आणि नारळ, सुपारी व आंब्याच्या बागा उन्मळून पडल्या. पुढल्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' वादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान रस्त्यांवरील झाडे करवतींनी कापत होते, तेव्हा त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राणे होती. वाडीतील झाडे मात्र वाडीवाल्यांनी आणि रोजाने आलेल्या गड्यांनी हटवली. १९४८ चा कारखाने अधिनियम कारखान्यापुरता होता. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीही साधारणतः दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. महाराष्ट्रात झाडाच्या रक्षणासाठी १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे, नागरी क्षेत्रासाठी १९७५ चा आहे. झाड तोडणाऱ्याच्या मांडीचा विचार यांपैकी कोठेही नाही.

कोकणात अडचण केवळ कायद्याची वा किमतीची नाही. ही विजार स्कँडिनेव्हियाच्या थंडीत घडली. अनेक थरांची, वारा अडवणारी ती वस्तू जूनच्या दमट उकाड्यात तासभर अंगावर ठेवणे कठीण आहे. अमेरिकी नमुन्याचे पायकवच मागून मोकळे, पट्ट्यांनी बांधावयाचे असते आणि म्हणून उष्ण हवेत अधिक सुसह्य ठरते. पण मागून उघडे असल्यामुळे ते नवख्यासाठी अपुरे आहे. चढाईच्या कामात, जेथे गडी एका हाताने बुंधा धरतो आणि दुसऱ्या हाताने छोटी करवत चालवतो, तेथे दोन्ही हातांनी यंत्र धरण्याचा पहिला नियमच मोडलेला असतो, आणि पाय बहुधा अनवाणी असतात, कारण बुटाने सुपारी चढता येत नाही.