टाचदुखी आणि बुटांची निवड

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकवावे आणि टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ यावी, हा अनुभव चाळिशी ओलांडलेल्या अनेकांना नवा नाही. चार पावले चालल्यावर कळ कमी होते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. पुढे दुखणे वाढते आणि पहिली गदा येते ती रोजच्या फिरण्यावर. मधुमेह, रक्तदाब वा स्थूलता यांसाठी ज्यांना नियमित चालण्याचा सल्ला दिलेला असतो, त्यांचे फिरणे थांबले की नुकसान पायापुरते मर्यादित राहत नाही. अशा वेळी बहुतेक जण दुकानात जाऊन 'सर्वांत मऊ बूट दाखवा' अशी मागणी करतात. मऊपणा आणि आधार या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निव्वळ मऊ बुटात पाऊल हेलकावते आणि आधीच दुखावलेल्या भागावरचा ताण वाढू शकतो.

दुखते ते नेमके काय?

मानवी पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला एक जाड, चिवट पट्टा तळव्याची कमान धनुष्याच्या दोरीप्रमाणे धरून ठेवतो. वैद्यकीय भाषेत त्यास 'प्लांटर फॅशिया' म्हणतात. सतत उभे राहण्याचे काम, वाढलेले वजन, पोटरीचे आखडलेले स्नायू, एकाएकी वाढवलेले चालणे आणि झिजलेले बूट यांमुळे हा पट्टा टाचेला जोडलेला असतो त्या जागी दुखावतो. रात्रभराच्या विश्रांतीत तो आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. पहिल्या पावलाची कळ ती हीच.

'टाचेचे हाड वाढले आहे' हे वाक्य रुग्णांच्या तोंडी नेहमी ऐकू येते. प्रत्यक्षात क्ष-किरण चित्रात दिसणारा हा उंचवटा टाच मुळीच न दुखणाऱ्या अनेकांतही आढळतो. त्यामुळे केवळ चित्र पाहून घाबरण्याचे कारण नाही. बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात. मात्र त्यास काही महिने लागतात.

दुकानात करावयाच्या तीन चाचण्या

बुटाची किंमत वा त्यावरील नाव पाहण्यापूर्वी तो हातात घेऊन पुढील तीन गोष्टी तपासाव्यात.

१) टाचेमागचा भाग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून दाबावा. तो सहज चेपला जात असेल तर टाच स्थिर राहणार नाही.

२) बुटाचे पुढचे टोक जमिनीवर टेकवून तो दाबून पाहावा. बूट बोटांच्या मुळाशी, म्हणजे चवड्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडला जाणारा बूट कमानीला आधार देऊ शकत नाही.

३) ओला कपडा पिळावा तसा बूट दोन्ही हातांनी पिळून पाहावा. थोडा पीळ बसणे ठीक. फडक्यासारखा पिळला गेल्यास तो बाजूला ठेवावा.

माप कसे घ्यावे?

दिवसभरात पाय किंचित सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी. फिरताना वापरतो तेच पायमोजे घालावेत आणि दोन्ही पावलांचे माप उभे राहून घ्यावे. दोन्ही पावले सारखी असतातच असे नाही. बूट मोठ्या पावलाच्या मापाने निवडावा. सर्वांत लांब बोट आणि बुटाचे टोक यांमध्ये हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. काहींचे अंगठ्याशेजारचे बोट अधिक लांब असते, हे लक्षात घ्यावे.

आपल्याकडे बहुधा ब्रिटिश नंबर वापरले जातात. त्यातील एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो. पुरुषांच्या बुटांचा अमेरिकी नंबर ब्रिटिश नंबरापेक्षा साधारणपणे एकने मोठा असतो. परदेशातील नातलगांकडून बूट मागवताना हा घोळ हमखास होतो.

लांबीइतकीच रुंदीही महत्त्वाची. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक व्यक्तींच्या पावलांची मोजणी केली. भारतीयांची पावले युरोपीय व अमेरिकी लोकांच्या तुलनेत रुंद असल्याचे त्यातून दिसून आले. बूट चवड्याशी दाटतो म्हणून अनेक जण एक नंबर मोठा घेतात. मग पुढे जागा होते, पण टाच मागे निसटू लागते. त्याऐवजी त्याच नंबराचा रुंद प्रकार मागावा.

दुखण्यानुसार निवड

टाचेखाली दुखत असल्यास टाचेचा भाग घट्ट, कमानीला आधार आणि टाच पुढच्या भागापेक्षा किंचित उंच असावी. पाऊल सपाट असून घोटा आत झुकत असल्यास आतल्या बाजूने अधिक भक्कम असलेला बूट उपयोगी पडतो. चवडा दुखत असल्यास पुढचा भाग रुंद आणि चवड्याखालची गादी जाड हवी. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेले असल्यास त्या जागी शिवण नसलेला, मऊ कापडाचा रुंद बूट घ्यावा. अंगठ्याचा सांधाच आखडला असेल, तर पुढे न वाकणारा आणि टोकाशी वर वळलेला तळ सोयीचा ठरतो.

ओल्या पावलाचा ठसा पाहून कमानीचा प्रकार ठरवावा आणि त्यानुसार बूट घ्यावा, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. अमेरिकी सैन्यदलांतील प्रशिक्षणार्थींवर केलेल्या आणि २००९ व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत मात्र कमानीनुसार बूट दिलेल्या आणि सरसकट एकाच प्रकारचे बूट दिलेल्या गटांतील दुखापतींत विशेष फरक आढळला नाही. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे बेन्नो निग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पायाला जाणवणारा आराम हाच निवडीचा निकष मानावा, असे मत मांडले. तेव्हा ठशावरच विसंबून राहू नये. तिन्ही चाचण्यांत उतरलेले दोन-तीन जोड घालून दुकानाच्या कडक फरशीवर दहा मिनिटे चालावे आणि सर्वांत सुखद वाटेल तो घ्यावा. 'वापरून सैल होईल' या विक्रेत्याच्या आश्वासनावर विश्वास ठेवू नये. दुकानात चावणारा बूट रस्त्यावरही चावतो.

घरातील फरशी आणि जुने बूट

सकाळी तासभर उत्तम बूट घालायचे आणि उरलेला दिवस घरातील कडक फरशीवर अनवाणी वावरायचे, ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत. स्वयंपाकघरात उभ्याने काम करणाऱ्यांना तर याचा अधिकच त्रास होतो. टाच दुखत असेपर्यंत घरात वापरण्यासाठी कमानीला आधार देणारी वेगळी चप्पल ठेवावी आणि सकाळी पाय खाली टेकवण्यापूर्वीच ती घालावी. पोटरी व तळवा ताणण्याचे व्यायामही दररोज करावेत; त्यांची जागा बूट घेऊ शकत नाही.

बुटाचा वरचा भाग धड दिसला तरी आतील गादी दबत जाते. साधारणपणे ५०० ते ८०० किलोमीटर चालल्यावर बूट बदलावा, असे मानले जाते. दररोज चार किलोमीटर फिरणाऱ्यास हा टप्पा चार ते साडेसहा महिन्यांत येतो. तळ एका बाजूने झिजला असल्यास वाट पाहू नये. पावसात भिजलेले बूट आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवावेत. कडक उष्णतेने चिकटवण उखडते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

बूट बदलूनही काही आठवड्यांत फरक न पडल्यास, रात्री विश्रांतीतही दुखत असल्यास, सूज, लाली वा ताप असल्यास, इजेनंतर पायावर भार देता येत नसल्यास अथवा पायाला मुंग्या वा बधिरपणा येत असल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. मधुमेहींनी अधिक दक्ष राहावे. संवेदना कमी झालेल्या पायाला बूट चावल्याचे कळत नाही आणि लहानशा फोडाची जखम चिघळू शकते. त्यांनी खरेदीपूर्वी पायांची संवेदना तपासून घ्यावी, आरामाच्या जाणिवेवर न विसंबता माप तज्ज्ञांकडून घ्यावे, नवे बूट सुरुवातीला थोडाच वेळ वापरावेत, घालण्यापूर्वी बुटात हात फिरवून खडा वा टोचणारी शिवण नाही याची खात्री करावी आणि रोज रात्री तळवे नीट न्याहाळावेत.