मुंबईच्या चाळीतील गृहजीवन

चाळ म्हणजे ओळीने बांधलेल्या, साधारण सारख्या आकाराच्या खोल्यांची आणि सामाईक सज्जा, जिना व शौचालये असलेली बहुमजली इमारत होय. पायात बांधायच्या घुंगरांच्या माळेलाही मराठीत चाळ म्हणतात. दोन्हींत ओळीने ओवलेपणा आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. प्रस्तुत लेख चाळीच्या वास्तुरचनेविषयी नसून त्या खोल्यांत चाललेल्या कौटुंबिक जीवनाविषयी आहे. गिरगाव, लालबाग, परळ, वरळी, नायगाव आणि शिवडी या वस्त्यांमधील चाळींचा त्यात मुख्यतः विचार केला आहे.

पार्श्वभूमी

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ मध्ये स्थापन झाली. पुढील अर्धशतकात कोकण, सातारा, पुणे व नगर या भागांतून हजारो माणसे गिरण्यांत व गोदीत कामाला आली. त्यांच्या निवाऱ्यासाठी खासगी मालकांनी चाळी उभारल्या. १८९६ च्या प्लेगच्या साथीत या दाटीचे भीषण परिणाम दिसून आले आणि १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ अस्तित्वात आले. त्याने बांधलेल्या चाळी ‘बीआयटी चाळी’ म्हणून ओळखल्या जातात. १९२० मध्ये सरकारने स्थापन केलेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड (आताचा ना. म. जोशी मार्ग) येथे ‘बीडीडी चाळी’ बांधल्या. बीडीडी चाळीची इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची असून प्रत्येक इमारतीत ८० खोल्या आहेत. खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट आहे. या चाळींत बाहेरचा सज्जा नसून मधून जाणारी अरुंद वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंना खोल्या अशी रचना आढळते. खासगी चाळीत मात्र खोल्यांपुढे लांब लाकडी सज्जा असे. लोक त्याला ‘गॅलरी’च म्हणत.

प्रारंभी या खोल्यांत पूर्ण कुटुंबे कमीच असत. पुरुष मुंबईत आणि बायकामुले गावी, ही सर्वसाधारण रीत होती. एकाच गावचे दहा-वीस जण मिळून एक खोली भाड्याने घेत. अशा खोलीला ‘बैठकीची खोली’ किंवा ‘गाळा’ म्हटले जाई. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि खुंटीवरचे कपडे एवढाच संसार असे. बायको मुंबईला आली, स्वतंत्र बिऱ्हाड थाटले, की घराण्याच्या इतिहासात तो एक टप्पा मानला जाई.

खोलीची रचना

दारातून आत शिरताच जी बैठक, तेच शयनगृह, तेच देवघर आणि तीच अभ्यासाची जागा असे. मागच्या बाजूस ओटा किंवा चूल, पुढे स्टोव्ह आला. कोपऱ्यात कमरेएवढ्या भिंतीची मोरी. मोरीत भांडी घासणे, कपडे धुणे आणि आंघोळ ही तिन्ही कामे होत. बाईमाणूस आंघोळीला बसली की साडीचा किंवा चादरीचा पडदा लावला जाई आणि घरातील पुरुष आपण होऊन गॅलरीत जाऊन उभे राहत. भिंतीवर पितळी भांड्यांची मांडणी, तिच्यावर फळी, फळीवर डबे. आणि छताची उंची पुरेशी असल्यास पोटमाळा. पोटमाळ्यावर पिंपे, जुन्या ट्रंका व गणपतीच्या आराशीचे सामान ठेवले जाई. क्वचित नवविवाहित जोडपेही तेथे झोपे. कॉट असलेल्या घरात कॉटखालची जागा हीदेखील एक खोलीच समजली जाई.

जागेऐवजी वेळेची वाटणी

चाळीतील गृहजीवनाचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य असे, की मोठ्या घरात जी वाटणी भिंतींनी होते, ती येथे घड्याळाने होत असे. गिरण्यांची पहिली पाळी साधारणतः सकाळी ७ पासून दुपारी साडेतीनपर्यंत, दुसरी तेथून मध्यरात्रीपर्यंत आणि तिसरी मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत चाले. बैठकीच्या खोलीत पहिल्या पाळीची माणसे उठून गेली की त्याच जागेवर तिसऱ्या पाळीची माणसे आडवी होत. कौटुंबिक बिऱ्हाडातही हेच तत्त्व वेगळ्या रूपात दिसे. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपलेला असताना मुलांना खोलीत मोठ्याने बोलण्याची मुभा नसे आणि भांड्याचा आवाज झाला तर तो सुनेच्या खाती जमा होई.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात याचे एक बोलके उदाहरण मिळते. परळ भागातील डबक चाळीत सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब एका खोलीत राहत असे. भीमरावांनी संध्याकाळीच झोपून घ्यावे, रामजींनी रात्री दोनपर्यंत जागावे, मग त्यांना अभ्यासाला उठवून स्वतः झोपावे, असा क्रम त्यांनी ठरवला होता. पुढे आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्या घेऊन राहिले आणि दादरला ‘राजगृह’ बांधून होईपर्यंत त्यांचे वास्तव्य तेथेच होते.

असामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्याचे उदाहरण म्हणून ही हकीकत नेहमी सांगितली जाते. परंतु वडिलांनी आपली झोप मोडून मुलासाठी जागा व शांतता निर्माण करणे, ही तितकीच एका खोलीच्या गृहव्यवस्थेची हकीकत आहे. दहावीच्या मुलासाठी शेजाऱ्याने रेडिओ बंद ठेवणे, मुलांनी गॅलरीच्या दिव्याखाली वा रस्त्यावरील दिव्याखाली पुस्तक घेऊन बसणे, बहिणीने वह्या आवरून भावाला जागा देणे, ही तिचीच रूपे होत. शेवटच्या उदाहरणातील बहिणीचा अभ्यास कुठे झाला, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

झोपण्याची जागाही ऋतूप्रमाणे बदले. पावसाळा सोडला तर पुरुष व मोठी मुले गॅलरीत, गच्चीवर किंवा पदपथावर अंथरूण टाकत. घरात नवे लग्न झाले असल्यास सासू-सासरे शेजारी गप्पांना जात आणि दिरांना परस्पर मित्राकडे झोपायला धाडले जाई. या गोष्टी कोणी उघड बोलत नसे. सर्वांना त्या कळत आणि सर्व जण त्या सांभाळत.

पाणी आणि स्त्रियांचा दिवस

चाळीतील दिवस नळाच्या वेळेने सुरू होई. पाणी पहाटे ठराविक तासच येई. घरातील एक बाई, बहुधा सून, चार-साडेचारला उठून हंडे-कळश्या नळाखाली लावे. पिंप भरणे, पिण्याचे पाणी गाळून माठात ओतणे, पहिल्या पाळीचा डबा भरणे, मोरी रिकामी असतानाच स्वतःची आंघोळ उरकणे आणि रांग लागण्यापूर्वी शौचालयास जाऊन येणे ही कामे उजाडण्याच्या आत व्हावी लागत. मजल्याच्या टोकाला असलेली शौचालये हा चाळीतील गृहजीवनाचा सर्वांत अप्रिय भाग होता. गरोदर स्त्रिया, वृद्ध व आजारी यांचे त्यात विशेष हाल होत. चाळीविषयीच्या गोड आठवणी लिहिणारे बहुतेक लेखक पुरुष असल्यामुळे असेल, या रांगेचे वर्णन बहुधा विनोदानेच केलेले आढळते.

घरकामाखेरीज अनेक स्त्रिया खोलीतच मिळकत करत. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण देणाऱ्या खाणावळी याच खोल्यांत चालत. पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक एकाच स्टोव्हवर होई आणि पैसे महिनाअखेर, पगार झाल्यावर मिळत. मधल्या काळातील किराणा उधारीवर किंवा सावकाराच्या पैशावर चाले. या खाणावळवाल्या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. गिरगावातील सात गुजराती गृहिणींनी ८० रुपयांच्या भांडवलावर १९५९ मध्ये इमारतीच्या गच्चीवर सुरू केलेला पापडाचा उद्योग पुढे ‘लिज्जत’ या नावाने देशभर पोहोचला.

शेजार

चाळीत दार दिवसभर उघडे असे. दार लावून घेणे हे आजारपणाचे, भांडणाचे किंवा पाहुण्यांचे लक्षण मानले जाई. शेजारणीला ‘वहिनी’, ‘मावशी’ किंवा ‘काकू’ म्हणत आणि मुलाने कोणाच्या घरी जेवावे याचा फारसा हिशेब नसे. किल्ली शेजारी ठेवणे, विरजण मागणे, पाहुणे आले की गाद्या आणि वाट्या उसन्या आणणे हे नित्याचे होते. मृत्यू झालेल्या घरी चूल पेटत नसे, तेव्हा शेजारचीच घरे पिठले-भात करून आणत. लग्न असले की आजूबाजूच्या चार-पाच खोल्या पाहुण्यांसाठी आपोआप मोकळ्या होत. भांडणेही तितकीच होत. वाळत घातलेल्या कपड्यांचे पाणी, गॅलरीत ठेवलेली चपलांची फळी, नळावर पुढे सरकवलेली बादली ही त्यांची ठरलेली कारणे. अबोला मात्र फार दिवस टिकत नसे, कारण त्याच माणसांसमोरून दिवसातून दहा वेळा जावे लागे.

या शेजाराला मर्यादा होत्या. खोली बहुधा ओळखीने मिळत असल्यामुळे अनेक चाळी एकेका जातीच्या किंवा एकेका तालुक्याच्या बनल्या. ‘आमची चाळ’ या आपुलकीच्या शब्दामागे ही निवडही होती. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींच्या परिसरात सवर्ण व दलित रहिवाशांत दंगल उसळली, तेव्हा एकमेकांसमोरच्या इमारतींतून दगडफेक झाली. चाळीचे वर्णन केवळ ‘एक मोठे कुटुंब’ असे करणे म्हणूनच अपुरे ठरते.

सणांपैकी गणेशोत्सवाचे चाळीशी विशेष नाते आहे. गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा सार्वजनिक उत्सव १८९३ पासून चालू आहे. कोकणातील कुटुंबे मात्र या दिवसांत खोलीला कुलूप लावून गावी जात आणि लालबाग-परळच्या काही चाळी ऐन उत्सवात अर्ध्या रिकाम्या दिसत.

संप आणि नंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार सहभागी झाले. बहुसंख्य कामगार पूर्वीच्या स्थितीत कधीच परतले नाहीत. घरातील वेळेची जुनी वाटणी त्याबरोबर मोडली. भोंगा थांबला. पुरुष दिवसभर घरात किंवा नाक्यावर, आणि घरकाम, शिवणकाम, भाजीविक्री करणारी स्त्री बाहेर, असे चित्र अनेक बिऱ्हाडांत निर्माण झाले. खाणावळींची उधारी बुडाली. काही कुटुंबे गावी परतली, काही खोली विकून डोंबिवली, नालासोपारा, विरारकडे गेली.

खोली कोणाची?

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण मालकाचा दुरुस्तीतील रस संपला आणि ‘पागडी’ची पद्धत रूढ झाली. १९६९ च्या कायद्याने इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद झाली आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवण्यात आला. ‘उपकरप्राप्त इमारती’ हा शब्दप्रयोग त्यातून आला.

घराच्या दृष्टीने कळीचा प्रश्न भाडेपावतीवरील नावाचा होता व आहे. पावती एकाच्या नावावर आणि राहणारे तीन भावांचे संसार, ही स्थिती सर्वत्र आढळे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार निवासी जागेतील भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो आणि एकमत न झाल्यास निर्णय न्यायालय करते. त्यामुळे ‘सोबत कोण राहत होते’ हे सिद्ध करणाऱ्या शिधापत्रिकेला घरात दागिन्यापेक्षा अधिक मोल आले. खोलीचा बाजारभाव वाढू लागला तसे हे वाद वाढले. ज्या भावाने नोकरी लागताच बाहेर घर घेऊन जागा मोकळी करून दिली, त्याचा त्याग कायद्याच्या भाषेत ‘सोबत न राहणे’ ठरू शकतो.

बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडामार्फत चालू असून पात्र रहिवाशांना ५०० चौरस फुटांची सदनिका मिळते. वरळीतील पहिल्या ५५६ सदनिकांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. घरातच स्वतंत्र शौचालय व स्नानगृह, आणि मुलांसाठी निराळी खोली हे त्यातील मोठे बदल होत. एका घरात कित्येक वर्षे एकत्र राहिलेल्या भावांपैकी सदनिका कोणाच्या नावे होणार, हा प्रश्न मात्र त्या चाव्यांबरोबर नव्या घरातही आला आहे.

साहित्य व रंगभूमी

पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकाने चाळीतील मध्यमवर्गीय बिऱ्हाडे मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचवली. कामगार वस्तीचे अनुभव नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहात येतात. अनाथ अर्भक म्हणून सापडलेल्या सुर्वे यांना गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने व त्यांच्या पत्नीने आपल्या संसारात वाढवले होते. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात संपानंतरचे एक कुटुंब येते. त्याची कथा चाळीतील खोलीत घडते आणि त्या घरातील आई मुलांच्या विस्कटलेल्या आयुष्यांनी थकलेली दिसते. या नाटकावर आधारित ‘लालबाग परळ’ हा चित्रपट २०१० मध्ये प्रदर्शित झाला.