जव्हार-मोखाडा परिसर आणि अंगावरील पुरळ : देवी व गोवर यांच्या ओळखीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
त्वचेवरील पुरळ डोळ्यांना दिसते. म्हणूनच समाजाने त्याला वैद्यकशास्त्राच्या आधी नावे दिली. देवी, कांजिण्या, गोवर, खरूज, नायटा ही नावे त्याची साक्ष आहेत. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान १९४८ मध्ये विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले. १ ऑगस्ट २०१४ पासून जव्हार व मोखाडा हे तालुके पालघर जिल्ह्यात आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी व महादेव कोळी समाजाच्या या डोंगराळ प्रदेशात पुरळाची वेळीच ओळख पटणे हा बालकांच्या जगण्याचा प्रश्न आहे.

देवी : ओळखीतून उच्चाटन
१४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली यशस्वी देवीची लस देण्यात आली. तरीही रोगाचे उच्चाटन होण्यास पावणेदोनशे वर्षे लागली. अखेरच्या टप्प्यात केवळ लस पुरेशी ठरली नाही. आरोग्यसेवकांनी रुग्णाचे छायाचित्र असलेले कार्ड घरोघर, शाळांत व बाजारांत दाखवून रुग्ण शोधले आणि त्यांच्या संपर्कातील व्यक्तींना लस टोचली. देवीचे फोड चेहऱ्यावर व हातापायांवर अधिक आणि एकाच अवस्थेत असत; कांजिण्यांचे फोड धडावर अधिक व निरनिराळ्या अवस्थांत असतात. हा भेद सामान्य माणसाला समजला, म्हणून मे १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही.

गोवर आणि कुपोषण :
गोवराची लस १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात आली. परंतु लस व पोषण यांचा संबंध अतूट आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी कुपोषणाचे भीषण रूप राज्यासमोर आणले. कुपोषित बालकास गोवर झाल्यास न्यूमोनिया, अतिसार व अंधत्व यांचा धोका वाढतो. शिवाय दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात व बालकांचे डोस चुकतात. २०२२ मध्ये मुंबई, भिवंडी व मालेगाव येथे झालेल्या उद्रेकाने हा धोका टळला नसल्याचे दाखविले.

ताप, खोकला, लाल डोळे आणि तीन-चार दिवसांनी कानामागून व चेहऱ्यावरून खाली उतरणारे पुरळ ही गोवराची लक्षणे होत. सावळ्या त्वचेवर लाली स्पष्ट दिसत नाही. म्हणून सोबतच्या लक्षणांना महत्त्व द्यावे. गोवराला ‘देवीचा कोप’ मानून बालकाचा आहार तोडणे घातक ठरते. स्तनपान, पातळ आहार व पाणी चालू ठेवावे. वैद्यकीय सल्ल्याने लागोपाठ दोन दिवस जीवनसत्त्व ‘अ’ द्यावे. धाप लागल्यास, झटके आल्यास किंवा ग्लानी आल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

तापाविना होणारे विकार :
बोटांच्या बेचक्यांत रात्री वाढणारी खाज खरूज सुचविते. उपचार घरातील सर्वांवर एकाच दिवशी करावा लागतो. नायट्यावर स्टेरॉइडयुक्त मलम लावल्यास तो दबल्यासारखा भासून पसरतो. संवेदना नसलेला फिकट चट्टा कुष्ठरोगासाठी तपासून घ्यावा.

निष्कर्ष :
देवीच्या उच्चाटनात रोग ओळखणारे डोळे गावातच तयार झाले. गोवराबाबतही आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका व माता यांच्याकडे हीच ओळख पोहोचली पाहिजे. मात्र पोषण आणि स्थलांतरित बालकांचे लसीकरण यांवाचून ती अपुरी ठरेल.